माळावर पालथी पडणारी ठकू

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते कुणी विचारू नये, खडकहिवरे गावाच्या माळावर माळढोक पक्षी घरच्या कोंबड्यांसारखे बिनघोर हिंडायचे, तेव्हाची ही गोष्ट. गावात कुंभाराचं एकच घर होतं. एक चाक, मडकी भाजायचा एक आवा, आणि घराला पुरून उरेल अशी एक सासू. सासूचं नाव सारजा. तिचा लेक म्हादू. म्हादूची बायको ठकू. आपली गोष्ट या ठकूची.

ठकू दिसायला चारचौघींसारखी होती आणि कामाला चार जणींना भारी होती. पण तिला एक खोड होती. ती बघत बसायची. पाण्याला निघाली आणि मुंगळ्यांची रांग आडवी गेली, की घागर तिथंच टेकायची आणि ठकू सरळ पालथी पडायची. हनुवटी मातीला टेकलेली, डोळे मुंगळ्यांवर. कोण किती ओझं नेतो, वाटेत दुसरा भेटला की मिशीला मिशी लावून कशी विचारपूस करतो, मेलेल्याला कुठं नेऊन टाकतात, हे सगळं बघून झालं की मग पदर झटकून उठायची. तोवर इकडे सारजाची चूल पाण्यावाचून ताटकळलेली असायची.

"कुठं उलथली व्हतीस गं?" सासू विचारायची.

"मुंगळ्यांकडं, आत्याबाई."

"का? पावणं व्हते व्हय तुझं?"

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. 'किड्यांची ठकी' असं तिचं नाव पडलं होतं. ठकूला त्याचं सुखदुःख नव्हतं.

ती या घरात आली त्याच वर्षी, असं म्हणतात, पडवीत बसलेल्या ठकूच्या कानातल्या बुगडीवर एका कुंभारीण माशीनं घर बांधायला घेतलं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, भिंतीवर चिखलाची इवलीशी गाडगी बांधते ती. ठकूला आपला कान दिसत नव्हता, पण माशी चिखल थापताना कसा आवाज करते ते ऐकू येत होतं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ती मान हलवेना. म्हादूनं तिला बसल्या जागी घास भरवले. घर पुरं झालं तेव्हा तिनं बुगडी अलगद काढून खुंटीला अडकवली, आणि आतलं पिल्लू उडून जाईपर्यंत कानात घातली नाही. ऐन संक्रांतीला सून एका कानानं मोकळी हिंडली म्हणून सारजानं कपाळ बडवून घेतलं. पण त्यानंतर रांजणाची माती ठकू मळू लागली, आणि कुंभाराच्या घरचा रांजण पुन्हा कधी पाझरला नाही, असंही म्हणतात.

खरं तर 'असं म्हणतात' हे शब्द ठकूपुढं उच्चारायची सोय नव्हती. एकदा पाणवठ्यावर कुणी बाई म्हणाली, "काजवा म्हंजी मेलेल्या माणसाचा जीव, असं म्हणत्यात."

"म्हणत्यात खरं," ठकू म्हणाली. "पर बघितलं का कुणी?"

"ते कसं बघणार गं?"

"म्या बघितलं. काजव्याला सहा पाय हैत. मेल्यावर माणसाला जादा पाय फुटत असतील तर ठावं न्हाई."

तिच्याशी वाद घालणाऱ्याची अशी गत व्हायची. म्हणून कुणी घालत नसे.

आता माळाविषयी सांगतो, कारण सगळं घडलं ते माळामुळं. खडकहिवऱ्याची शेतं ओढ्याकाठी, आणि वरच्या अंगाला पसरलेला माळ. तो माळाई देवीचा. देऊळ माळाच्या कडेला. माळाला एक कडक नेम होता: तिथल्या मातीला लोखंड लावायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपं नाही, इतकंच काय, माळावरून जाताना विळाही फडक्यात गुंडाळून न्यायचा. जो लोखंड लावील त्याला गावाच्या शिवेबाहेर काढायचं. हा नेम लिंबाजी गुरव राखायचा. लिंबाजी काही वाईट माणूस नव्हता. देवीवर त्याचा खरा जीव होता, आणि तिच्या नेमात तिळभर चूक झाली तर गावावर काय येईल या धास्तीनं तो वाळून काडी झाला होता.

त्या वर्षी नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. बाजरी गुडघ्याला आली होती. दुपारचं ऊन एकाएकी मळकट झालं, आणि पश्चिमेकडून सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज येऊ लागला. लोकांनी वर पाहिलं. टोळधाड आली होती.

टोळ उतरले आणि बाजरी दिसेनाशी झाली. गाव थाळ्या, ढोल, सुपं, हाताला येईल ते बडवत शेतात धावलं. लिंबाजी गुरवानं देवळातला मोठा ढोल गळ्यात घातला आणि टिपऱ्या मोडेपर्यंत बडवला. पण पात संपल्याशिवाय टोळ उठले नाहीत. उठले तेव्हा मागं नुसते बुडखे राहिले होते. गावानं गलका करत सगळी धाड वर रेटली, वर रेटली आणि माळावर घातली. "माळाई, पदरात घे!" म्हणून सगळे ओरडले. टोळ माळावर बसले आणि तिथून हलेनात.

दोन दिवस ते माळावर होते. देवीनं पदरात घेतलंय म्हटल्यावर कुणी तिकडं पाऊल टाकलं नाही. लोक लांबून हात जोडून बघत होते. आणि त्यांना एक नवल दिसलं. हजारो टोळ डोकं वर करून, मागचं अंग जमिनीला लावून, निश्चल बसले होते.

"दंडवत घालत्यात!" लिंबाजी गुरव गहिवरून म्हणाला. "आरं, मुका किडा माळाईला दंडवत घालतोय!"

बायांनी ओट्या भरल्या, म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. आणि एकटी ठकू सगळ्यांच्या देखत माळावर गेली आणि त्या टोळांच्या मधोमध पालथी पडली.

तिला जे दिसलं ते असं. टोळांची मादी शेपटाकडचं अंग मातीत खुपसत होती. ते अंग ताणून ताणून बोटभर लांब होत होतं. मग ती थोडा वेळ थरथरायची, अंग बाहेर ओढायची, भोकावर पांढरा फेस सोडायची आणि पायानं माती लोटायची. ठकूनं हे आधी पाहिलं होतं. पाच पावसाळे माळावरचा साधा नाकतोडा हेच करताना तिनं पाहिला होता, आणि त्या फेसाखालून पुढं काय निघतं तेही पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि धाड उडून गेली. गावानं गुलाल उधळला. ठकू माळावरून पदरात काहीतरी घेऊन आली ती थेट पारावर, जिथं हैबती पाटील आणि लिंबाजी गुरव बसले होते. तिनं पदर सोडला. मातीची तीन बोळकी होती, बोटाएवढी. तिनं एक फोडलं. आत तांदळासारखी पिवळसर अंडी एकावर एक रचलेली होती.

"दंडवत न्हवता त्यो," ठकू म्हणाली. "अंडी घातल्यात. सबंध माळभर. ह्यातनं पिल्लं निघतील, त्यास्नी पंख नसतील, ती चालत खाली येतील आणि पेरलेलं खातील. माळ नांगरून काढा, पाटील. आत्ताच."

'माळ' आणि 'नांगर' हे दोन शब्द एका दमात आजवर त्या पारावर कुणी उच्चारले नव्हते.

"माळाईनं धाड घालवली," लिंबाजी म्हणाला. "आन तू तिच्या अंगावर नांगर घाल म्हणतीस? टोळ गेलं म्हंजी गेलं. गेलेला टोळ मागं काय ठेवत न्हाई, असं आमचं वाडवडील म्हणत आल्यात."

"म्हणत आल्यात. पर गुरवमामा, बघितलं का कुणी?"

झालं. लिंबाजी उठून उभा राहिला. पाटलानं हात वर केला. हैबती पाटील शहाणा होता, म्हणजे दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि काहीच करायचा नाही. तो म्हणाला, "ठकू, नेम लोखंडाचा हाय. लोखंड लागलं तर तू, म्हादू आन सारजा, तिघंबी शिवेबाहेर. तुझ्या हाताला लोखंड नसंल तर मी काय म्हणायचा न्हाई. पर गाव तुझ्यासंगं यायचं न्हाई."

आणि गावाची अडचणही खोटी नव्हती. बाजरी गेली होती. प्रत्येक घरात राख घालून तोंड लिंपलेलं बियाण्याचं एकेक मडकं तेवढं उरलं होतं, बाजरीचं नाहीतर हुलग्याचं. ते आता पेरायचं होतं. हे उगवलं तर गाव राहणार होतं. हेही गेलं तर चुली विझवून, पोरंबाळं पाठीशी बांधून, पोट नेईल तिकडं जायचं. दुसरं मडकं कुणाकडंच नव्हतं. गाव पेरणीला लागलं. ठकू माळावर गेली.

तिच्या एका हातात म्हादूची लाकडी थापी होती, मडकी ठोकायची. दुसऱ्या हातात मेलेल्या बैलाचं शिंग. ती पालथी पडायची, कारण उभ्यानं ती भोकं दिसतच नाहीत. फेसाचा वाळलेला ठिपका शोधायची, शिंगानं उकरायची, बोळकं काढून पाटीत टाकायची आणि कोपरांवर पुढं सरकायची. संध्याकाळी पाटीभर बोळकी आव्याच्या निखाऱ्यात ओतायची. चार दिवसांत तिची नखं गेली, कोपरं सोलून निघाली आणि देवळाच्या अंगणाएवढी जागा साफ झाली. माळ तर चार गावांना पुरेल एवढा.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. तिनं मान वर करून माळ पाहिला की रडू यायचं. म्हणून ती मान वर करत नसे.

पाचव्या दिवशी तिच्या शेजारी कुणीतरी धप्पकन खाली बसलं. ठकूनं पाहिलं तर सारजा. हातात दुसरी थापी.

"आत्याबाई?"

"ल्येक म्हणतोय, माझी बायको येडी आसंल पर खोटी न्हाई," सारजा पुटपुटली. "आता सांग, कुठं बघू? मला काय बी दिसंना."

"बसून न्हाई दिसत. पालथं पडाय लागतं."

"ह्या वयात?" म्हणून सारजानं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि उद्धरता उद्धरता पालथी पडली. थोड्या वेळानं तिला पहिलं बोळकं सापडलं. तिनं ते हातावर घेऊन बराच वेळ निरखलं. "आगं बया," ती हळूच म्हणाली, "बगा तरी, कसं रचलंय." त्या दिवसापासून सारजानं सुनेला टाकून बोलणं सोडलं. निदान माळावर तरी.

दोघींच्या हातून होण्यासारखं काम हे नव्हतं. गाव आलं पाहिजे होतं, आणि ठकूच्या शब्दानं गाव येणार नव्हतं. गावाला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पण दिसेल तेव्हा वेळ गेलेली असेल. या एका गाठीशी ती झगडत होती.

मग तिला घरच्या खुडूक कोंबडीची आठवण झाली, असं म्हणतात. कोंबडी अंड्यांना ऊब देते. माळाच्या गार ओल्या मातीत जे सावकाश होणार, ते उबेत लवकर का होऊ नये? तिनं एक गाडगं घेतलं, त्यात माळाची ओली माती भरली, पहिल्या दिवशी आणलेल्यांपैकी न फोडलेली दोन बोळकी त्यात पुरली, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडगं चुलीच्या भानवशीवर, म्हणजे मागच्या उबदार ओट्यावर ठेवलं. कोंबडीच्या पोटाखाली असते तेवढीच ऊब, तळहात लावून लावून तिनं राखली. रोज ती एक अंडं गाडग्यातलं आणि एक माळावरचं उघडून बघायची. माळावरच्या अंड्यात अजून नुसतं पाणी होतं. गाडग्यातल्या अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागले. डोळे.

इकडे पेरलेलं उगवलं. चार बोटं पात वर आली. गावानं ठरवलं, ही पहिली पात माळाईला वाहायची आणि टोळ गेल्याचं गावजेवण घालायचं. दिवस ठरला शुक्रवार, धाड उठून गेल्याला बारावा दिवस.

शुक्रवारी भर दुपारी सगळं गाव देवळापुढं जमलं. देवीच्या पायाशी ताटात हिरवीगार पात ठेवली होती. पत्रावळी मांडल्या होत्या. लिंबाजी गुरव आरतीला उभा राहिला, तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत ठकू पुढं आली. तिच्या दोन्ही हातांत फडकं बांधलेलं गाडगं होतं.

"आज न्हाई, ठके," लिंबाजी हात जोडून म्हणाला. "आजचा दिस तरी न्हाई."

"आजच, मामा. ह्या गाडग्यात माळावरची दोनच बोळकी हैत, दुसरं काय न्हाई. म्या सोडते हितं, माळाईसमोर. आत नुसती माती निघाली तर मी माझ्या पायानं शिव वलांडते. परत मागं वळून बघायची न्हाई. म्हादूला न् आत्याबाईस्नी काय म्हणू नगा."

म्हादू गर्दीत उभा होता. तो फारसा कधी बोलत नसे. तो म्हणाला, "ती गेली तर मी बी जाणार."

ठकूनं गाडगं ताटाशेजारी ठेवलं आणि फडकं सोडलं.

काही झालं नाही. कुणीतरी फिसकन हसलं. मग गाडग्याच्या काठावर एक काळा ठिपका आला. तांदळाच्या दाण्याएवढा, मोठ्या डोक्याचा, बिनपंखी टोळ. त्यामागं दुसरा. मग काठच काळा झाला आणि हालू लागला. बघता बघता दोनशेएक पिल्लं टुणटुण उड्या मारत खाली उतरली, ताटावर चढली आणि पात खायला लागली. देवळात इतकी शांतता झाली की त्या इवल्या तोंडांचा आवाज ऐकू आला. लोक बघत राहिले, आणि देवीला वाहिलेली कोवळी पात टोकाकडून कमी कमी होत गेली.

"कालच फुटल्यात," ठकू म्हणाली. "उपाशी हैत. चुलीची ऊब होती म्हणून लवकर निघाली. माळावरच्यांना अजून आठ दिस लागतील. फार तर नऊ. दोन बोळक्यांत ही एवढी. माळावर किती टोळ बसलं व्हतं ते तुम्ही समद्यांनी बघितलंय."

सगळ्यांनी लिंबाजी गुरवाकडं पाहिलं. तो ताटाशी वाकला होता. एक पिल्लू देवीच्या पावलावर चढलं आणि तिथून त्याच्या बोटावर आलं. तो त्याच्याकडं बघत राहिला.

"दंडवत न्हवता," तो म्हणाला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, ढोलाशी गेला आणि उरलेल्या दोन टिपऱ्या घेऊन आला. "आम्हीच त्यास्नी माळावर घातलं. ह्याच टिपऱ्यांनी. चल ठके, कुठं उकरायचं सांग. लाकूड चालतंय."

पत्रावळी तशाच राहिल्या. त्या दुपारी सबंध गाव माळावर गेलं. मुसळं, लाटणी, वल्ह्याएवढी लाकडी उलथनी, शिंगं, बाभळीच्या खुंट्या, ज्याला जे मिळालं ते, पण लोखंड कुणाच्या हातात नव्हतं. शिवेच्या एका टोकापासून रांग लागली आणि ठकूनं सांगितल्यासारखं गाव पालथं पडलं. पाटील पालथा, पाटलीण पालथी, गुरव पालथा, ज्या बाया ठकूला हसायच्या त्याही पालथ्या. माळाईला एवढा मोठा दंडवत त्याआधी कधी पडला नव्हता, असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

सात दिवस आवा विझला नाही. पाट्यावर पाट्या येत होत्या आणि म्हादू निखारे वर-खाली करत होता. हाताला चिंध्या बांधून लोक उकरत होते. कुणी दमून बसलं की ठकू शेजारी जाऊन एवढंच म्हणायची, "एक आणखी." मग तो एक आणखी काढायचा. सातव्या दिवशी वरच्या कातळाजवळचा तेवढा पट्टा राहिला, आणि आठव्या दिवशी, ऐन पोळ्याच्या सकाळी, तो पट्टा काळा होऊन हालू लागला. पिल्लं निघाली होती. ती एकमेकांना खेटून, उड्या मारत, उताराला लागली. खाली पात वीतभर झाली होती.

शेताच्या बांधावर, देवीची हद्द संपते तिथं, पुरुषांनी कुदळींनी चर मारायला घेतला. तिथं लोखंडाला आडकाठी नव्हती. पण चर अर्धा झाला आणि काळा लोंढा माळाच्या निम्म्यावर आला. आता पुरं होणार नाही हे सगळ्यांना कळलं. तेवढ्यात उत्तरेकडून आभाळात ढग दिसला, फिरत, वळत, मिटत, पसरत येणारा.

भोरड्या होत्या. गुलाबी पाठीच्या, काळ्या डोक्याच्या, दर साली याच दिवसांत परदेशातून येणाऱ्या. खडकहिवऱ्याच्या माणसाला भोरडी दिसली की त्याचा हात आपोआप गोफणीकडं जातो. बापजाद्यांपासून भोरडी म्हणजे कणसांची वैरीण. चर सोडून दहा-वीस जणांनी गोफणी सोडवल्या.

"नका!" ठकू ओरडत धावली आणि त्यांच्या पुढ्यात, दोन्ही हात पसरून उभी राहिली. "आरं पात हाय ती, कणीस न्हाई अजून! भोरडी पात खात न्हाई! किडं खाती! बघितलंय म्या!"

एका गोफणीतला धोंडा सुटून गेला होता. तो ठकूच्या कपाळाला लागला. रक्ताची धार डोळ्यावर आली. तिनं हात खाली घेतले नाहीत.

"बसू द्या त्यास्नी," ती म्हणाली.

गोफणी खाली आल्या. लोक आहे तिथं थिजून उभे राहिले. ढग माळावर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि खाली आला. माळ गुलाबी झाला. इतक्या भोरड्या उतरल्या की ज्यांना जमिनीवर जागा मिळाली नाही त्या ठकूच्या पसरलेल्या हातांवर, खांद्यांवर, डोक्यावरच्या पदरावर बसल्या, आणि ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही, असं म्हणतात. कुंभारीण माशीनं शिकवलेलं तिला कामी आलं. दिवस बुडाला तेव्हा माळावर काळं म्हणून काही शिल्लक नव्हतं. बांधावरच्या बाजरीचं एक पान कुरतडलेलं नव्हतं.

काही लोक सांगतात, भोरड्यांना तिनं हाक मारून बोलावलं. तिला पाखरांची भाषा यायची. काही म्हणतात, तसं काही नाही, भोरड्या कधी येतात हे तिनं इतकी वर्षं मोजलं होतं की पोळ्याला येणार हे तिला ठाऊक होतं. ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं. स्वतः ठकूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, म्हणे, की मला घाम पुसायचा होता, पण हात मोकळा नव्हता.

ती पुष्कळ जगली. कपाळावरची खूण शेवटपर्यंत राहिली. किड्यांची ठकी म्हणायचं लोकांनी सोडलं, ठकूआई म्हणू लागले, तिला त्याचंही सुखदुःख नव्हतं. एका सकाळी ती माळावर पालथी पडलेली दिसली. रोजचंच, म्हणून कुणी हाक मारली नाही. दुपारी लिंबाजीचा नातू जवळ गेला, तेव्हा मुंगळ्यांची रांग तिच्या हाताला वळसा घालून चालली होती. आणि तिच्या बुगडीवर, असं म्हणतात, चिखलाचं एक ओलं घर होतं.

तिथं आता एक आडवा दगड आहे. उभा करायचा नाही असं गावानं ठरवलं. खडकहिवऱ्यात आजही बाजरीला कणीस येईपर्यंत भोरडीवर गोफण उचलत नाहीत. धाड उठल्याच्या दिवशी गुरव माळावर जातो, आडव्या दगडाशेजारची ओली माती गाडग्यात भरतो, फडकं बांधतो आणि गाडगं देवळातल्या चुलीच्या भानवशीवर ठेवतो. बाराव्या दिवशी गावजेवण असतं. पत्रावळी मांडतात, भात वाफाळत असतो, पण वाढत कुणी नाही. आधी सगळं गाव, म्हातारे, लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या, माळावर एका रांगेत पालथं पडतं आणि बघतं. मग देवळात गाडगं सोडतात. ते हातोहात फिरतं आणि प्रत्येक घरचं एक माणूस आत डोकावतं. घाई चालत नाही. गुरव विचारतो, "बघितलं का?" नुसतं "व्हय" म्हटलेलं चालत नाही, आत काय दिसलं ते सांगावं लागतं.

एका वर्षी, पाच-सहा पिढ्यांमागं, गाडगं एका नव्या सुनेच्या हातात आलं, तिनं आत पाहिलं आणि म्हणाली, "काठाला कायतरी हालतंय." त्या दिवशी गाव जेवलं नाही. तयार जेवण तसंच टाकून, लाकडं आणि शिंगं घेऊन माणसं माळावर गेली, आणि त्या साली आसपासच्या गावांची पिकं गेली तरी खडकहिवऱ्याचं गेलं नाही.

एरवी गाडग्यात नुसती माती असते. ते शेवटच्या घरापर्यंत पोचतं, परत गुरवाच्या हातात येतं, आणि मग सगळं गाव माळाकडं तोंड करून एका आवाजात ओरडतं, "बघितलं गं, ठकूआई!" त्यानंतरच पहिल्या पत्रावळीवर भात पडतो.

एवढं शेवटचं मात्र 'असं म्हणतात' नव्हे. ते मी बघितलंय.